जीझेड३४ म्हणून मला नक्की काय विकताय?

तिसरी गेली. चौदा महिन्यांत माझ्या गिटार अॅम्पची तिसरी रेक्टिफायर ट्यूब, हीच ती जीझेड३४, आणि तीही गुरुवारी रात्री, सगळे रिहर्सलला येऊन बसलेले, ड्रमर काऊंट द्यायच्या बेतात, मी स्टँडबायचा खटका (ट्यूबा तापल्यावर मोठं व्होल्टेज पुढे सोडणारा) वर केला आणि अॅम्पच्या मागे निळा-पांढरा लखलखाट, फट्ट, फ्यूज खलास. आमचा बेसवाला म्हणतो "अरे वा, लाइट शो पण आणलास". त्याच्याच बेसने त्याला हाणणार होतो.

घरी येऊन ट्यूब काढली, कानाजवळ हलवली, तर आत खुळखुळ. टॉर्च लावून बघितलं तर कॅथोडवरचा, म्हणजे तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या आतल्या नळीवरचा, पांढरा थर भिंतीचा पोपडा सुटावा तसा सुटून तळाशी पडलाय. साडेचार हजार रुपये, वर कस्टम ड्युटी, वर कुरिअरवाल्याचं कसलं तरी हँडलिंग, आणि हातात काय तर खुळखुळा.

अॅम्प काही विचित्र नाहीये. फेंडर कंपनीच्या जुन्या डिलक्स रिव्हर्ब अॅम्पच्या सर्किटवरून मित्राने हाताने बांधून दिलेला, आवाज मोठा करणाऱ्या दोन ६व्ही६ ट्यूबा, एक १२ इंची स्पीकर, बास. त्यात ही एक आठ पिनांच्या सॉकेटात बसणारी ट्यूब, जीझेड३४, अमेरिकन नाव ५एआर४, तिचं काम काय तर ट्रान्सफॉर्मरकडून आलेला एसी घ्यायचा आणि डीसी करून पुढे द्यायचा. सूर तिच्यातून जात पण नाही. तिने फक्त मरायचं नाही, एवढीच अपेक्षा आहे! आणि तेवढंच या आजकालच्या ट्यूबांना जमत नाही.

पहिली गेली तेव्हा म्हटलं आपलंच नशीब. दुसरी गेली तेव्हा डेटाशीट, म्हणजे कंपनीने छापलेला मर्यादांचा कागद, काढून बसलो, आणि मान्य करतो, तिथे चूक आमची होती. तिच्यापुढे लावायचा पहिला कपॅसिटर जास्तीत जास्त ६० मायक्रोफॅरडचा, असं त्यात स्वच्छ छापलंय, आणि आमच्या मित्राने "बेस घट्ट येतो रे" म्हणत १०० चा ठोकलेला. चालू करताना रिकामा कपॅसिटर म्हणजे जवळजवळ शॉर्टच, तो भरेपर्यंत सगळा मार ट्यूब खाते. ठीक आहे, चूक कळली, ४७ चा बसवला. आमच्या एरियात संध्याकाळी व्होल्टेज २४५ पर्यंत जातं आणि ट्रान्सफॉर्मर २३० चा, म्हणजे आत जिथे ४२० व्होल्ट हवेत तिथे ४४५ च्या वर, म्हणून स्टॅबिलायझर पण घेतला, फ्रिजला असतो तसा. आता घरचे विचारतात गिटारला स्टॅबिलायझर कशाला. काय सांगू?

एवढं करून तिसरी गेली. आता मात्र डोकं फिरलंय.

कारण कागदावर सगळं बसतंय. ट्रान्सफॉर्मर ३३०-०-३३०, म्हणजे उलट्या दिशेने ट्यूबवर येणार जेमतेम ९३० व्होल्ट, डेटाशीट सांगतं दीड हजार सहन करेल. करंट २५० मिलिअँपियरपर्यंत चालतो, माझा अॅम्प त्याच्या निम्म्यावर. म्हणजे मी तिला काय डोंगर उचलायला लावला नाही. पण ते डेटाशीट फिलिप्स-मुलार्ड या ट्यूब बनवणाऱ्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी स्वतःच्या ट्यूबसाठी लिहिलेलं, आणि आज ज्याला वाटेल तो काचेवर जीझेड३४ छापतो आणि तेच आकडे स्वतःच्या नावाखाली चिकटवतो. टेस्ट कोणी केली? कधी केली? नाव म्हणजे काय हो, नुसता शिक्का. मुलार्डचंच घ्या ना, खरी ब्लॅकबर्नच्या कारखान्यात बनायची, इंग्लंडात, आणि आज त्याच नावाच्या डब्यात येते ती रशियातल्या सारातोवची (माझ्या मेलेल्या तिन्ही त्यातल्या नव्हेत, उगाच आळ नको). आणि २०२२ च्या मार्चमध्ये रशियाच्या निर्यातबंदीची बातमी आली तेव्हा तर काय, ज्यांच्या कपाटात जुना माल पडून होता त्यांनी पण रातोरात भाव चढवले.

बरं, जुनी घे म्हणतात. "एनओएस घे (म्हणजे जुना, पण न वापरलेला माल), आयुष्यभर बघायला नको." घेतली असती बाबा. एकाने फोटो पाठवला, चौदा हजार, पिवळसर खोका, लोगो एकदम झकास. म्हटलं तळाजवळचा कोड दाखव. खऱ्या ब्लॅकबर्नच्या ट्यूबवर बुडाशी काचेत बारीक करड्या अक्षरात कोरलेलं असतं, वरच्या ओळीत एफ३१ सारखा प्रकार आणि खालच्या ओळीत बी, मग वर्षाचा आकडा, महिन्याचं अक्षर, आठवडा. लोगो काय, कोणीही छापेल, नखाने पुसला जातो. कोरलेल्या कोडची नक्कल तितकी सोपी नाही. यावर साहेबांचं उत्तर काय, "सर कोड पुसला गेलाय, जुना आहे ना." अहो काचेतलं कोरलेलं पुसलं गेलं आणि वरचा रंगीत लोगो नवरीसारखा टवटवीत? कोणाला शेंड्या लावताय!

मग पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. तिथल्या एका दुकानात काका म्हणाले, "वॉल? आहे ना," (वॉल म्हणजे व्हॉल्व्ह, ट्यूबच) आणि कुठल्या तरी डब्यातून ५यू४, म्हणजे दुसऱ्याच जातीचा रेक्टिफायर, काढून समोर ठेवला. मी म्हटलं काका हा नाही. "आठ पिना आहेत, बसतो." बसतो हो! बसतो तर चप्पल पण पायात उलटी बसते. ५यू४ च्या फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ३ अँपियर लागतात, जीझेड३४ ला १.९, आणि माझ्या ट्रान्सफॉर्मरची ती ५ व्होल्टची वाइंडिंग २ अँपियरची आहे. लावला असता तर दोन गाण्यांत ट्रान्सफॉर्मरवर भजी तळायला घेतली असती. शिवाय ५यू४ मध्ये व्होल्टेज पडतं ते चाळीस-पन्नासच्या घरात, जीझेड३४ मध्ये वीसच्या आत, म्हणजे ६व्ही६ चा बायस (त्यांच्यातून स्वस्थ असताना किती करंट वाहायचा ते) पहिल्यापासून लावायचा. ५वाय३ ही आणखी एक जात, ती लावली तर पुढे मिळणारं व्होल्टेज त्याहून खाली. पण पिना आठ आहेत ना, झालं तर मग.

आणि आता स्टँडबाय. हे कळल्यावर तर मी कपाळावर हात मारला. जीझेड३४ हळूहळू तापते, दहा-पंधरा सेकंद घेते, तोवर ६व्ही६ पण तापतात आणि व्होल्टेज आपोआप सावकाश चढतं. म्हणजे स्टँडबायची मुळात गरजच नाही. उलट ट्यूब पूर्ण तापवून ठेवायची, कपॅसिटर रिकामे, आणि मग खटका मारायचा, म्हणजे तिच्या तोंडावर धक्का. वर्षानुवर्षं सगळे मला सांगत आले, "आधी स्टँडबायवर ठेव, एक मिनिट गरम होऊ दे, ट्यूब जास्त टिकतात." कोणाच्या टिकल्या? माझ्या तर तिन्ही त्या खटक्यानेच गेल्या. पण यावरही माझं म्हणणं आहेच. १९६५ च्या अॅम्पांमध्ये हाच खटका होता, लोक तो बडवतच होते आणि ट्यूबा टिकत होत्या. मग आत्ताच्या इतक्या नाजूक का? आणि नाजूक आहेत तर खोक्यावर लिहा ना!

आता ट्यूबच्या दोन प्लेटींपैकी (जिथे ट्रान्सफॉर्मरचा एसी येतो) प्रत्येक प्लेटच्या वायरमध्ये दोन-दोन १एन४००७ डायोड सिरीजमध्ये टाकलेत. ट्यूब आतून शॉर्ट झालीच तर डायोड उलटा प्रवाह अडवतात, ट्रान्सफॉर्मर वाचतो. चार डायोड, दहा रुपयांत काम, कोपऱ्यावरच्या दुकानात सुट्टे पैसे परत मिळतात. म्हणजे साडेचार हजाराच्या ट्यूबची राखण दहा रुपयांचा डायोड करतोय. मग ट्यूबच काढून नुसते डायोड का नाही, असं विचारणारे येतीलच. अरे जोरात कॉर्ड मारल्यावर व्होल्टेज जरा दबतं आणि नोट मागून फुगत येते, त्यासाठीच तर हा सगळा तमाशा मांडलाय. आणि नुसते डायोड लावले तर व्होल्टेज आणखी चढणार, मग ६व्ही६ लाल होतात ते कोण बघणार.

विकणाऱ्याला मेसेज टाकला, ट्यूब दोन महिन्यांत गेली. उत्तर आलं, "सर आम्ही टेस्ट करूनच पाठवतो." कशावर? त्या टेस्टरच्या डबीवर, जिथे थोडासा करंट सोडून हिरवा काटा बघतात? माझ्यासारखे ४२० व्होल्ट उभे करून, कपॅसिटर लावून, दहा वेळा चालू-बंद करून दाखवा, मग चिकटवा ते "टेस्टेड"चं सोनेरी स्टिकर. वॉरंटी पण किती, तीस दिवस. दुधाची पिशवी त्यापेक्षा जरा कमी टिकते एवढंच.

तर आता कोणाकडे खरी, चालती जीझेड३४ पडून असेल, वापरलेली असली तरी चालेल, तर सांगा, पैसे रोख देतो, पण आधी बुडाजवळच्या कोडचा फोटो पाठवायचा, अंगठा बाजूला ठेवून. आणि "माझ्याकडे ५यू४ आहे, चालेल का" असं कोणी विचारलं तर मी ब्लॉक करणार आहे.