छापील सुरांची भाकडकथा

माझी मावशी ठाण्यात मुलांना गाणं शिकवते. परवा एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मजकूर पाठवला आणि खाली विचारलं, "मॅडम, मग आपण पुस्तकातूनच का नाही शिकवत?" मजकुराचा गोषवारा असा: युरोपात १६०० साली संगीत छापायला सुरुवात झाली. चर्चचा विरोध होता म्हणून छपाई चोरून चालायची, बायकांना तर मनाईच. तरी रॉयल्टीवर इटलीचा माँटेव्हर्डी आणि इंग्लंडचा डाउलंड हे संगीतकार गडगंज झाले, आणि सगळं कागदावर आल्यामुळे त्यांचं संगीत जसंच्या तसं टिकलं. आपले बुवा मात्र चिजा लपवत बसले. एकाच मजकुरात इतक्या थापा मारायलाही चिकाटी लागते.

साल शंभर वर्षांनी चुकलंय. व्हेनिसमध्ये पेत्रुच्चीने १५०१ मध्येच अनेक आवाजांचं संगीत छापलं. रेघा, स्वर आणि शब्द यांसाठी तोच कागद वेगवेगळ्या वेळी दाबाखाली घालावा लागे. पॅरिसच्या अतेंन्याँने १५२८ पासून हे काम एकाच दाबात करून छपाई स्वस्त केली. एवढं मात्र मान्य करतो की १६००च्या आसपास काहीतरी बदललं. एकच गाणारा आवाज आणि खाली मंद्र स्वरांची एक ओळ, अशी नव्या धाटणीची पुस्तकं तेव्हा येऊ लागली.

चर्चचा विरोध? माँटेव्हर्डीचं १६१० चं सांध्यप्रार्थनेचं संगीत व्हेनिसच्या अमादिनोने उघड छापलं, आणि ते अर्पण केलंय खुद्द पाचव्या पॉल पोपला. बायकांचं म्हणाल तर माद्दालेना काझुलानाचं पुस्तक १५६८ मध्ये निघालं, फ्रांचेस्का काच्चिनीचं १६१८ मध्ये. संधी फार थोड्यांना मिळे हे खरं, पण ती मनाई नव्हे.

आता रॉयल्टीचा विनोद. प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे संगीतकाराला पैसे, ही पद्धतच नव्हती. हस्तलिखित एकदा दिलं की विषय संपला. लंडनच्या एका कोर्टकज्ज्यामुळे हा सगळा व्यवहार आपल्याला आतून दिसतो. डाउलंड तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे ल्यूट हे तंतुवाद्य वाजवायला नोकरीला होता. त्याच्या गाण्यांचं दुसरं पुस्तक १६०० मध्ये लंडनला निघालं. प्रकाशक जॉर्ज ईस्टलंड, मुद्रक टॉमस ईस्ट. पुढे दोघांचं बिनसलं, म्हणून कागदपत्रं तयार झाली. त्यांत दिसतं ते असं: ईस्टलंडने डाउलंडच्या बायकोला हस्तलिखिताचे २० पौंड दिले, शिवाय ज्या काउंटेसला पुस्तक अर्पण केलं तिच्याकडून जी बिदागी येईल तिच्यातला अर्धा वाटा कबूल केला. छापायच्या होत्या हजार प्रती. छपाईचा हक्क मॉर्ले या तिसऱ्याच संगीतकाराकडे होता, त्यालाही पैसे मोजावे लागले. त्यात मुद्रकाकडच्या शिकाऊ पोरांनी जादा प्रती काढून परस्पर विकल्या. हजार प्रती खपोत नाही तर सडोत, डाउलंडच्या घरी पुढे दमडीही येणार नव्हती.

मक्तेदारी हातात असूनही फार काही होत नसे. टॅलिस आणि बर्ड या इंग्रज संगीतकारांना राणी एलिझाबेथने १५७५ मध्ये २१ वर्षांसाठी संगीत छापण्याचा हक्क दिला, आणि १५७७ मध्ये त्यांनीच राणीकडे तोट्याचं रडगाणं नेलं. माँटेव्हर्डीची मॅड्रिगलची, म्हणजे अनेक आवाजांत गायच्या गाण्यांची, पुस्तकं पुन्हापुन्हा छापली जात होती, तरी इटलीतल्या मांतुआच्या दरबारात २१ वर्षं नोकरी करून निघताना हातात फक्त २५ स्कुदी (तिथली नाणी) होते, असं त्यानेच पत्रात लिहून ठेवलंय. त्याला बरे दिवस आले ते १६१३ मध्ये व्हेनिसच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये वर्षाला ३०० डुकाट (तिथली नाणी) पगाराची नोकरी मिळाल्यावर. पगाराने आले, छपाईने नाही.

सगळ्यात जास्त राग मला "जसंच्या तसं टिकलं" याचा येतो, कारण मावशीच्या शिकवणीवर घाव घालतो तो हाच मुद्दा. माँटेव्हर्डीच्याच 'आरियाना'चं बघा. १६०८ मध्ये मांतुआत ही संगीतिका प्रचंड गाजली. तिची संहिता छापली गेली, संगीत नाही. आज उरलाय तो तिच्यातला एक विलाप. पेरी या संगीतकाराच्या 'दाफने' या संगीतिकेचे तर जेमतेम तुकडे हाती आहेत. शिवाय मॅड्रिगल छापत ते प्रत्येक आवाजाची वेगळी वही करून. पाचांतली एक वही गहाळ झाली की रचना लंगडी.

आणि जे छापलं तेही अर्धंच असे. खालच्या मंद्र ओळीवर कधी वरचे स्वर सुचवणारे आकडे, कधी तेही नाहीत, आणि वरचे स्वर वाजवणाऱ्याने तिथल्या तिथे भरायचे. फ्रांचेस्काचे वडील जूलिओ काच्चिनी यांनी १६०२ च्या पुस्तकाला मोठी प्रस्तावना जोडली. गाणारे आपल्या चालींची वाट लावतात ही त्यांची तक्रार, म्हणून कुठे काय घ्यायचं ते त्यांनी बसून समजावलं. नुसत्या कागदावरून गाता आलं असतं तर हा खटाटोप कशाला केला असता?

राहिले चिजा लपवणारे बुवा. लपवल्या, नाकारत नाही. पण भातखंड्यांनी शेकडो चिजा स्वरलिपीसह छापल्या, हे मजकूरवाल्याच्या गावीही नाही. आणि लपवण्यात युरोप मागे नव्हता. इटलीतल्या फेर्राराच्या ड्यूकने दरबारातल्या गायिकांसाठी लुझ्झास्कीने केलेल्या रचना बाहेर जाऊ दिल्या नाहीत. ड्यूक १५९७ मध्ये वारला, आणि १६०१ मध्ये त्या रोममध्ये छापून आल्या.