‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ हे ॲक्विनासचं विधान नाही

सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे: ‘थॉमस ॲक्विनास म्हणतो, प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून विश्वालाही आहे, ते म्हणजे ईश्वर. मग ईश्वराचं कारण कोण? संपला युक्तिवाद!’

ॲक्विनासने (मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ, मृत्यू 1274) असं म्हटलेलं नाही. हा आक्षेप याच रूपात ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या 1927 च्या व्याख्यानात येतो. ॲक्विनासचं म्हणणं इतकंच, की जे बदलतं ते दुसऱ्या कशामुळे तरी बदलतं. शिवाय त्याची कारणांची साखळी भूतकाळात मागे जाणारी नाहीच. बाप, आजोबा, पणजोबा ही मालिका अनंत असू शकते, हे तो मान्य करतो. विश्वाला आरंभ होता हे तर्काने सिद्ध होत नाही, ते श्रद्धेने मानायचं, असंही तो सांगतो. त्याचा प्रश्न या क्षणी चालू असलेल्या आधाराचा आहे: काठी हलते ती हातामुळे, आणि हात थांबला की काठीही थांबते.

आरंभावर भर आहे तो मध्ययुगीन इस्लामी विचारवंत अल-गझालीचा: ज्याला आरंभ आहे, त्याला कारण आहे. इथेही ‘प्रत्येक गोष्ट’ नाही.

उदयनाचार्यांचं न्यायमतातलं (न्याय हे भारतीय तर्कप्रधान दर्शन) अनुमानही असंच मोजून-मापून केलेलं. पृथ्वी वगैरे ‘कार्य’, म्हणजे निर्माण झालेल्या वस्तू, आहेत, म्हणून घटाप्रमाणे त्यांनाही कर्ता आहे. परमाणू मात्र नित्य, त्यांना कर्ता लागत नाही.

यातून ईश्वर सिद्ध झाला, असं मी म्हणत नाही. शरीराशिवाय कर्ता सृष्टी कशी घडवेल आणि कोणत्या हेतूने, हे मीमांसा दर्शनातल्या कुमारिल भट्टांचे प्रश्न आजही जड जातात. कारणाविना आरंभाची कल्पना करता येते, हा स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा मुद्दाही तसाच. खंडन करायचं तर ते इथून करावं.