पाऊण मिलिमीटरची ओढ आणि दोन बिले

गेल्या डिसेंबरपासून मार्चपर्यंत आमच्या बोटीवरची डिझेलची शेगडी किती वेळा विझली याची मोजदाद मी ठेवलेली नाही. मात्र प्रत्येक वेळी दोष डिझेलचा आहे, व्हॉल्व्हचा आहे, बर्नरचा आहे, किंवा माझ्या स्वयंपाकाचा आहे, असे मला कोणी ना कोणी ठामपणे सुनावले, ते अजून जसेच्या तसे आठवते. दोष यांपैकी कशातही नव्हता. शेगडीला हवा मिळत नव्हती, आणि ती का मिळत नाही हे पाहण्याचे कष्ट चार महिन्यांत एकाही जाणकाराने घेतले नाहीत. त्याचा संताप मला आजही आवरत नाही.

आम्ही दोघे कॅनडातील व्हँकूव्हर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर एका तीस फुटी शिडाच्या बोटीवर बारा महिने राहतो. इथला हिवाळा बर्फाचा कमी आणि पावसाचा जास्त असतो. गाद्यांच्या खालच्या बाजू ओलसर होतात, कपाटातील कपड्यांना बुरशी येते, आणि कोरडी ऊब ही इथे चैन नसून गरज असते. या किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या बोटींवर डिझेलच्या शेगड्या कित्येक दशके वापरात आहेत, आणि त्याला सबळ कारणे आहेत. इंजिनासाठी जे डिझेल भरायचे तेच शेगडीला चालते. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर बोटीच्या तळाशी साचून स्फोटाची भीती असते, ती भीती इथे राहत नाही. शिवाय एक लिटर डिझेल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, ते सगळे धुराड्यावाटे बाहेर जाते. एकाच शेगडीवर डाळ शिजते आणि केबिनही तापते. अशी शेगडी मला मनापासून आवडते, म्हणूनच तिच्यावर आलेला खोटा आळ मला सहन होत नाही.

तिची रचना अवघड नाही. टाकीतील डिझेल उताराने मीटरिंग व्हॉल्व्हमध्ये येते, तिथल्या छोट्या कप्प्यातील फ्लोट त्याची पातळी कायम राखतो, आणि आपण बटण जितके फिरवू त्या प्रमाणात ते थेंबाथेंबाने बर्नरच्या भांड्यात उतरते. या भांड्याच्या भिंतींना बारीक भोकांच्या ओळी असतात. भांडे तापले की डिझेलची वाफ होते आणि भोकांतून आत येणाऱ्या हवेत मिसळून ती वाफ जळते. आमच्या शेगडीत ही हवा ढकलायला पंखा नाही. धुराड्यातील गरम धूर हलका होऊन वर चढतो आणि त्याच्या मागोमाग खालची हवा बर्नरमध्ये ओढली जाते. सगळा कारभार या ओढीवर चालतो. ओढ कमी पडली की डिझेल तेवढेच येत राहते, पण ज्योत मळकट नारिंगी, लांबट आणि सुस्त होते, काजळी धरते, ती काजळी धुराड्यात बसते, आणि ओढ आणखी कमी होते.

आमच्याकडे नेमके हेच होत होते. जानेवारीतल्या एका दुपारी मी कुकरमध्ये तुरीची डाळ लावली होती. पाऊण तास झाला तरी शिट्टी नाही. झाकणाच्या कडेने वाफेचा एक बारीक धागा तेवढा निघत होता. शेगडीच्या काचेतून पाहिले तर ज्योत भांड्याच्या एका बाजूला कलंडली होती आणि तिच्या टोकाला काळा धूर लोंबत होता. पाहता पाहता ती एकदा धपापली, धुराचा एक लोट झाकणाच्या फटीतून केबिनमध्ये आला आणि ज्योत गेली. ओट्यावर, कुकरवर, पांढऱ्या छतावर काजळीचे बारीक तंतू बसले, जे पुसायला गेले की आणखी पसरतात. त्यानंतर लगेच शेगडी पेटवताही येत नाही. गरम भांड्यात साचलेले डिझेल वाफ होऊन बसलेले असते. त्याला काडी लावली तर भडका उडतो. म्हणून व्हॉल्व्ह बंद करायचा, भांडे पूर्ण थंड होऊ द्यायचे, तळाचे डिझेल फडक्याने टिपून घ्यायचे, आणि मग पहिल्यापासून सुरुवात करायची. यात दीड तास जातो, आणि बाहेर तापमान शून्याखाली असते.

मी हातावर हात ठेवून बसले नव्हते. फिल्टर बदलला, टाकीच्या तळाचे पाणी काढले, डिझेल भांड्यात जिथून शिरते त्या नळीत साचलेला कोळशाचा कठीण थर सळईने खरवडून काढला, धुराडे उतरवून ब्रशने साफ केले. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच.

मग वर्कशॉपच्या माणसाला बोलावले. आता या वर्कशॉपविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ऑक्टोबरमध्ये आमच्या बोटीचे काम यांनीच केले होते. डेकवरच्या दोन जुन्या वायुवाहिन्यांतून पाऊस आत येत असे, म्हणून त्यांनी त्या कायमच्या बंद केल्या. दाराच्या फळ्यांना नवी रबरी पट्टी लावून दार हवाबंद केले. आणि ओल कमी व्हावी म्हणून पुढच्या केबिनच्या छतात हवा बाहेर फेकणारा, उन्हावर चालणारा एक छोटा पंखा बसवला. त्याआधीच्या हिवाळ्यात हीच शेगडी एकदाही विझली नव्हती, हे मी त्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगितले. त्याने ते ऐकून घेतले आणि माझ्या नवऱ्याकडे वळून, टाकी किती जुनी आहे, असे विचारले.

तो आला तेव्हा दार सताड उघडे होते, कारण त्याची हत्यारे बाहेर होती आणि तो सतत आतबाहेर करत होता. साहजिकच ज्योत स्वच्छ जळत होती. तासाभराने त्याने निदान केले की मीटरिंग व्हॉल्व्ह अधूनमधून अडकतो. नवा व्हॉल्व्ह बसवला, बिल दिले, आम्ही ते भरले. चौथ्या दिवशी शेगडी विझली. दुसऱ्यांदा तो आला तेव्हाही दार उघडेच, ज्योतही स्वच्छच. या वेळी त्याने छताची काजळी बोटाने पुसून पाहिली आणि ती आमच्या फोडणीच्या तेलाची आहे असे सांगितले. मी पंचवीस वर्षे फोडणी करते आहे. तेलाचा चिकट पिवळा थर आणि डिझेलची कोरडी काळी काजळी यांतला फरक मला अंधारात बोटांनी कळतो. पण ज्याला धुराड्याची ओढ तपासायची नाही, त्याला ग्राहकाच्या स्वयंपाकघरावर बोट ठेवणे सोपे जाते. त्या भेटीचेही बिल आले.

याहून वाईट पुढे आहे. फेब्रुवारीत एका दुपारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. आम्ही दोघे बाहेर पळालो, केबिन मोकळी केली आणि वर्कशॉपला फोन केला. उत्तर मिळाले की हे अलार्म फार संवेदनशील असतात, तो शेगडीपासून लांब लावा. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि झोपलेला माणूस त्यातून उठत नाही. ज्या केबिनमध्ये आम्ही झोपतो तिथे धूर उलटा येतो आहे, असे तो अलार्म ओरडून सांगत होता, आणि ज्याचा हा धंदा आहे तो मला अलार्म हलवायला सांगत होता. हे अज्ञान म्हणून सोडून देण्याची माझी तयारी नाही. हा सरळसरळ बेजबाबदारपणा आहे.

कोडे सुटले ते घरातच. नवरा एकदा सहज म्हणाला, "अगं, ऊन पडलं की ही विझते. रात्री एकदाही विझलेली नाही." मी वही काढून आठवतील तेवढ्या तारखा मांडल्या. पावसाळी दिवशी शेगडी ठीक. उत्तरेचे कोरडे, गार वारे सुटून आकाश निरभ्र झाले, म्हणजे ज्या दिवशी उबेची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी ती विझलेली. ऊन म्हणजे पुढचा पंखा जोरात. पंखा हवा बाहेर फेकतो, वाहिन्या बंद, दार हवाबंद. मग बोटीत हवा यायला एकच वाट उरते आणि ती म्हणजे धुराडे. मी पंख्यावर ताट झाकले. दोन मिनिटांत ज्योत सरळ झाली आणि तिच्या बुडाशी निळा रंग आला. ताट काढले, ज्योत कलंडली. असे चार वेळा केले.

यात अद्भुत काही नाही, शाळेतील भौतिकशास्त्र आहे. दीड मीटरच्या धुराड्यात २०० अंश सेल्सियसचा धूर आणि बाहेर १० अंशांची हवा असेल, तर मिळणारी ओढ सुमारे ७ पास्कल असते, म्हणजे पाण्याच्या पाऊण मिलिमीटर उंचीच्या स्तंभाएवढी. इतक्या नाजूक दाबावर जी शेगडी चालते, तिच्याच बंद खोलीत बाहेर ओढणारा पंखा बसवायचा आणि हवा आत येण्याच्या वाटा बुजवायच्या, हे करताना एकदाही शंका येऊ नये? ओढ मोजण्याचे साधन मिळते, ते धुराड्याला लावायला पाच मिनिटे पुरतात. तेही नको होते. दार लावून, पंखा चालू ठेवून दहा मिनिटे शांत बसला असता तरी त्याला सगळे दिसले असते.

आता मी पंख्याची दिशा उलटी करून घेतली आहे आणि कॉकपिटच्या कप्प्यातून शेगडीच्या तळापर्यंत तीन इंची नळी आणली आहे, जी बाहेरची हवा थेट तिथे सोडते. सामानाचा खर्च एका भेटीच्या बिलाच्या दहाव्या भागाइतकाही झाला नाही. तेव्हापासून अलार्म गप्प आहे आणि कुकरची पहिली शिट्टी वीस मिनिटांत होते.

वर्कशॉपला मी सगळे तारीखवार लिहून कळवले आणि दोन्ही भेटींचे पैसे परत मागितले. काम केले होते, त्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत, असे एका ओळीचे उत्तर आले. निदान काढून नेलेला जुना व्हॉल्व्ह तरी द्या, तो धडधाकट होता, असे मी पुन्हा लिहिले. तो त्यांनी फेकून दिला आहे.