बलराज साहनी ‘काहीच करत नाहीत’?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. जुन्या चित्रपटांतल्या नायकांच्या आवडत्या भूमिकांमध्ये मी ‘गर्म हवा’मधल्या बलराज साहनींना पहिलं स्थान दिलं. तुमचं म्हणणं, हा नट सगळीकडे एकाच चेहऱ्याने वावरतो, एकाच पट्टीत बोलतो, ‘गर्म हवा’त मुलगी गेल्यावरही काही करत नाही. त्याला दिलीपकुमारच्या वर बसवणं अन्यायाचं आहे. शिवाय ‘पिंजरा’तले डॉ. लागू कुठे गेले, हाही प्रश्न.

‘एकच चेहरा’ मला अजिबात मान्य नाही. ‘वक्त’मधला (१९६५) लाला केदारनाथ आठवा. भर मैफलीत बायकोला उद्देशून गाणारा, स्वतःच्या कर्तृत्वावर खूश असलेला व्यापारी. आणि त्याच्या बारा वर्षं आधी ‘दो बिघा जमीन’मधला शंभू महातो! लंडनला बीबीसीत काम करून आलेला हा सुटाबुटातला माणूस शेतकरी म्हणून शोभेल का, अशी शंका बिमल रॉय यांनाही होती. साहनी जोगेश्वरीतल्या उत्तर भारतीय दूधवाल्यांच्या वस्तीत जाऊन बसले, त्यांचं उठणं-बसणं निरखलं, कलकत्त्यात स्वतः रिक्षा ओढली. गिऱ्हाईक जादा पैशांचं आमिष दाखवतं आणि शंभू चाक निखळेपर्यंत धावतो, तो प्रसंग पुन्हा बघा. पळण्याची सवय नसलेला, पण पैशांची नड असलेला माणूस कसा पळेल, तसे ते पळतात.

आता ‘गर्म हवा’तला सलीम मिर्झा. फाळणीनंतरचं आग्रा, जोड्यांचा कारखाना, शेरवानी आणि टोपी. भाऊ पाकिस्तानात जातो, हवेली त्याच्या नावावर म्हणून ती हातची जाते, कर्ज मिळेनासं होतं. सगळं ढासळत असताना हा माणूस आपला अदबशीर सूर सोडत नाही. तुम्हाला खटकलेली ती ‘एकच पट्टी’ हीच. ती सलीमने धरून ठेवलेली शेवटची चीजवस्तू आहे, असं मला वाटतं.

मुलीचा प्रसंग घ्या. अमीनाने जीव दिला आहे. सलीम खोलीत येतो, बघतो, आणि रडत नाही. साहनींची स्वतःची मुलगी त्याच्या थोडंच आधी गेली होती, त्यामुळे ‘त्यांना अभिनय करावाच लागला नाही’ असं त्यांचे चाहते सांगतात. तुमची टीका आणि हे कौतुक, दोन्हींत मला एकच चूक दिसते. स्वतःच्या दुःखाने भरलेला माणूस कॅमेऱ्यासमोर सहज रडला असता. न रडणं ही नटाने केलेली निवड आहे, आणि ती सलीमच्या स्वभावातून आली आहे. हवेली गेली तेव्हा ज्याने आवाज चढवला नाही, त्याने इथे हंबरडा फोडला असता तर आधीचा सगळा सलीम खोटा पडला असता. शिवाय इतके दिवस देश सोडायला नकार देणारा हा माणूस यानंतर जायला तयार होतो. मुलीचं जाणं त्याला किती लागलं, ते त्या होकारात कळतं. आणि शेवटी टांगा स्टेशनकडे निघालेला असताना, वाटेत मोर्चा बघून तो खाली उतरतो आणि बायकोला घरी परत पाठवतो, तेव्हा त्या उतरण्याला केवढं वजन आलेलं असतं! डबिंग उरकल्यावर लगेचच, १३ एप्रिल १९७३ रोजी साहनी गेले. चित्रपट प्रदर्शित झाला तो १९७४मध्ये.

दिलीपकुमारचा अपमान मी कुठेही केलेला नाही. ‘गंगा जमना’तलं त्याचं काम मी दुसरं ठेवलं आहे. तिथली त्याची पुरबी बोली ऐकताना हा पेशावरचा माणूस आहे हे आठवतसुद्धा नाही. ‘देवदास’ही मला आवडतो, पण तिथे त्याचा देखणा विषाद आपल्याला आधीच जिंकून घेतो.

आणि लागू यादीत आहेत, ‘सामना’साठी! ‘पिंजरा’त मास्तरांच्या घसरणीला लावण्यांची, रंगांची, शांतारामबापूंच्या भव्य मांडणीची साथ आहे. ‘सामना’तल्या दारुड्या मास्तराकडे हिंदुरावाच्या साम्राज्याविरुद्ध एकच हत्यार आहे, मारुती कांबळेचं काय झालं हा प्रश्न. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत लागूंनी माणूस उभा केला आहे.

समोर निळू फुले. त्यांचा हिंदुराव नायक धरायचा की खलनायक, हे माझं ठरेना, म्हणून त्यांचं नाव यादीत नाही. त्यावर तुमचं मत जरूर कळवा.