आदर्श गिऱ्हाइकानं गाडी सर्व्हिसिंगला कशी टाकावी

गाडी सर्व्हिसिंगला द्यायची म्हटल्यावर काही लोक उगाच घरून तयारी करून जातात. किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढतात, टाकीत पेट्रोल किती आहे ते बघतात, डिकीतली स्टेपनी आणि जॅक जागेवर आहेत ना याची खात्री करतात. अशी माणसं सोलापुरात थोडी आहेत आणि गॅरेजमध्ये त्यांना कुणी आवडीनं चहा विचारत नाही. तुम्हाला चहा हवा असेल, चारचौघांत 'सज्जन माणूस' म्हणून नाव हवं असेल आणि निकृष्ट काम वर्षानुवर्षं आनंदानं सोसायची तयारी असेल, तर खालील मार्ग धरावा.

सुरुवात गॅरेज निवडण्यापासून. मिस्त्रीचं काम कसं आहे, हे कधीही विचारू नये. तो कुणाचा कोण, हे विचारावं. मेव्हण्याच्या वर्गातला असेल तर उत्तम, भावकीतला असेल तर प्रश्नच मिटला. ओळखीचे फायदे दोन. काम सुरू व्हायच्या आधी भाव विचारता येत नाही आणि काम बिघडल्यावर तोंड उघडता येत नाही. पक्कं बिल मागणं हा तर ओळखीचा अपमान आहे. 'आपल्यात कशाला बिल, मालक?' असं म्हणून तो सिगारेटच्या पाकिटाच्या मागं 'ऑइल, फिल्टर, मजुरी' असं लिहून देतो. त्याखालचा आकडा बघून पैसे द्यावेत आणि पाकीट तिथंच टाकून यावं. पुढं कधी भांडायची वेळ आली तर हातात कागद नसलेला बरा. भांडण लवकर मिटतं.

ओळख नसेल तर शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला जावं. तिथं काच आहे, एसी आहे, मशीनची कॉफी आहे, आणि गाडीला हात लावणारा माणूस तुम्हाला दिसणार नाही याची पूर्ण व्यवस्था आहे. तुम्हाला भेटतो तो इस्त्रीच्या शर्टातला सल्लागार. बाहेर कुठं काम केलं तर वॉरंटी जाईल, असं तो सांगेल, मान डोलवावी. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजांना मिळू द्या, आणि बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही बजावलं होतं. पण ही माहिती कॉफी पिताना काढू नये. कॉफी कडू लागते.

आता जॉब कार्ड, म्हणजे गाडीची तक्रार लिहून घ्यायचा कागद. गाडीला काय होतंय, हे सांगायची एक पद्धत आहे. 'डाव्या पुढच्या चाकाकडून, स्पीडब्रेकर उतरताना, गाडी हळू असली की खडखड होतंय' असं सांगितलं तर समोरच्याला तिथं बघावं लागतं. त्यापेक्षा 'कुठून तरी आवाज येतोय, जरा बघून घ्या' म्हणावं. तो कार्डावर 'जनरल चेकअप' लिहितो. दोघंही मोकळे. कार्डावर खाली बारीक अक्षरांत बरंच काही छापलेलं असतं, ते वाचायला चष्मा लागतो. तेव्हा सही आधी, चष्मा नंतर.

मिस्त्रीला शेजारी बसवून स्वतः चक्कर मारून आवाज ऐकवण्याचा मोह होईल. तो आवरावा. ट्रायल घेण्याचं काम त्यांच्या पोराला करू द्यावं. जुळे सोलापुरातल्या आतल्या गल्लीत जो आवाज येतो, तो होटगी रोडच्या सपाट डांबरावर येत नाही. त्यामुळं ट्रायल होटगी रोडवर होते. 'फिरवून बघितली सर, आवाज नाही आला.' खरंच नसतो आलेला. पोरगं खोटं बोलत नाही. शिवाय जाता-येता त्याचा नाष्टाही होतो. म्हणूनच किलोमीटरचा फोटो काढू नका म्हणालो.

मग येतं पॅकेज. थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, इंजिन डीकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, सायलेन्सर कोटिंग. ही नावं इतक्या भक्तिभावानं उच्चारली जातात की आपण नकळत हात जोडतो. कुठल्या किलोमीटरला काय बदलायचं, याचा तक्ता गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेला असतो. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, कंपनीनं दिलेल्या प्लास्टिकसकट, आरसीच्या झेरॉक्सखाली सुखरूप आहे. ते तिथंच राहू द्यावं. पॅकेज झालं की नाही, हे कळायला काही मार्ग नसतो, हाच त्याचा खरा गुण. इंजिनच्या आतला काजळीचा थर आधी कुणी पाहिला होता, म्हणून नंतर पाहणार?

गॅरेजमध्ये उभं राहायचंच असेल तर भाषेकडं लक्ष ठेवावं. तुमच्याशी मराठीत बोलता बोलता वस्ताद आणि हेल्पर एकदम तेलुगूत शिरले की एस्टिमेट वाढलं, असं समजावं. तुम्हाला तेलुगू येत असेल तर ते कन्नडमध्ये जातील. कन्नडही येत असेल तर, अण्णा, तुम्ही घरचेच. मग ते नुसत्या भुवयांवर बोलतात. चार भाषांत फसवून घेण्याची सोय राज्यात फार थोड्या शहरांत आहे, याचा आपण अभिमान बाळगला पाहिजे.

गाडी ताब्यात घ्यायला संध्याकाळी जावं, अंधार पडल्यावर. गाडी धुतलेली असते, टायरना पॉलिश असतं, आत वासाची बाटली फवारलेली असते, पायाखाली कंपनीचा कागद असतो. नळाला पाणी कधी येणार याचा हिशोब वर्षानुवर्षं बोटांवर मोजणाऱ्या शहरात प्रेशरनं धुतलेली गाडी बघून डोळ्यांत पाणी नाही आलं तर तो माणूस नव्हे. या भावनेच्या भरात बिल भरून टाकावं. सर्व्हिसिंग म्हणजे मुख्यतः धुणं. बाकीचं तोंडी लावायला.

काही अरसिक लोक त्या क्षणी बॉनेट उघडायला लावतात. सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद करून, थोडं थांबून डिपस्टिक काढतात, फडक्यानं पुसतात, पुन्हा घालतात आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का, ते बघतात. पेट्रोल गाडीत नुकतंच घातलेलं ऑइल मधाच्या रंगाचं असतं. ते काळंकुट्ट दिसलं तर विचारतात. त्यांच्या डोक्याला शांती कशी ती नाही. याहून भयंकर जमात म्हणजे गाडी द्यायच्या आधी ऑइल फिल्टरवर आणि एअर फिल्टरच्या कडेला मार्करनं ठिपका काढणारी. गाडी परत आल्यावर ठिपका शोधतात. ठिपका सापडला की बिलातल्या नव्या फिल्टरचे पैसे मागतात! माणसाचा माणसावर विश्वास राहिला नाही, तो असा. जुने सुटे भाग परत मागणारे याच पंथातले. तुम्ही मागू नका. घरी नेऊन त्या जुन्या ब्रेक पॅडचं काय करणार, तोरण?

ब्रेकवरून आठवलं. बिलात 'ब्रेक सर्व्हिस, चारही चाकं' असं असतं. ते काम चाक काढल्याशिवाय होत नाही. प्रेशरनं धुऊनही चाकाच्या नटांच्या खाचांतली जुनी धूळ जशीच्या तशी असेल तर समजायचं ते समजावं, म्हणजे काही समजू नये. मागच्या काचेवर 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' लिहिलेलं आहे ना? मग तुळजापूरचा घाट उतरताना काळजी कसली. स्वामी पाठीशी आहेत. पुढच्या पॅडचं तेवढं आपलं आपण बघायचं.

आणि चाकं खरंच काढली असतील तर आणखी मजा. हवेच्या गननं नट असे काही आवळलेले असतात की पुन्हा खोलायला तीच गन लागावी. टॉर्क पाना नावाचं एक अवजार असतं, त्यानं ठरावीक जोरानंच नट आवळला जातो. ते भिंतीवर, उदबत्तीच्या शेजारी लटकवलेलं असतं. त्याची प्रचिती मे महिन्यात, भर दुपारी, मोहोळच्या अलीकडं पंक्चर झाल्यावर येते. गाडीतल्या आखूड पान्यावर दोन्ही पाय देऊन उभं राहिलं तरी नट हलत नाही. या आसनाचे आरोग्याला फायदे आहेत, कुठले ते योगवाले सांगतील.

मेचा विषय निघालाच आहे तर एसी. बाहेर पारा ४२ च्या वर, आत व्हेंटमधून कोमट फुंकर. गॅरेजमध्ये उत्तर तयार असतं: 'गॅस संपलाय.' गॅस भरावा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भरावा. एसीचा गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. फार कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे, हे आठवीतल्या पोरालाही पटेल. पण गळती शोधायला वेळ लागतो आणि सापडली तर पुढच्या वर्षी भरायचं काय? गॅस संपला नसेल तर कधीकधी आत येणारी हवा गाळणारा कॅबिन फिल्टर धुळीनं बुजलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागं असतो आणि हातानं निघतो. तो काढून बघू नये. मध्ये वाळलेली पानं आणि मागच्या गड्ड्याच्या यात्रेपासूनची धूळ निघते. आपल्याच आठवणी त्या.

एवढं सगळं करूनही आवाज गेला नाही, उलट नवीन एक आला, तर दुसऱ्या दिवशी गॅरेजला जायला हरकत नाही. तिथली उत्तरं ऐकण्यासारखी असतात. 'नवीन पार्ट हाय मालक, बसंपर्यंत वाजणारच की.' 'हे आधीपासूनच होतं, तुम्हाला आत्ता ऐकू आलं.' 'ह्या मॉडेलला असंच असतंय.' 'पेट्रोल कुठं भरताय?' आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे, 'रस्ते बघा की ओ सोलापूरचे!' इथं वाद संपतो. रस्त्यांवर कुठल्याही सोलापूरकराचं दुमत नसतं. तुम्ही म्हणता खरंय, तो म्हणतो कालच आमच्या गल्लीत खणून ठेवलंय, तुम्ही म्हणता महापालिकेला काही पडलेली नाही, चहा येतो, अख्ख्या कारभाराचा पंचनामा होतो. अर्ध्या तासानं तुम्ही हात हलवत बाहेर पडता आणि पहिल्या खड्ड्यात गाडी खडखडते, तेव्हा आठवतं की आपण कशाला आलो होतो. पण आता परत जाणं बरं दिसत नाही. आणि ज्यांचं लहानपण यंत्रमागाच्या शेडशेजारी गेलं, त्यांनी एवढ्याशा खडखडीची तक्रार करावी?

ग्राहक आयोगाची वाट तर धरूच नये. तिथं फार सोयी करून ठेवल्या आहेत. २०१९ चा कायदा आहे, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावून तक्रार सांगता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, वकील न देता स्वतः बाजू मांडता येते. इतकं सोपं असलेलं काम करण्यात पुरुषार्थ कसला? शिवाय तिथं बिल लागतं. बिल सिगारेटच्या पाकिटावर होतं.

आता सगळ्यात नाजूक प्रसंग. गाडीची किल्ली देताना सल्लागार आवाज खाली घेतो. 'सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमच्यात नापास धरतात.' त्या पोराचा चेहरा बघून तुम्हाला पाझर फुटतो. फुटलाच पाहिजे. गाडीतला आवाज घालवायची जबाबदारी ज्यांची होती त्यांचा चेहरा तुम्ही पाहिलेला नसतो. ज्याच्या हातात पानासुद्धा नव्हता त्याचा पगार तुमच्या एका आकड्यावर लटकवलेला असतो. कंपनीनं ही रचना फार विचारपूर्वक केली आहे. दोन दिवसांनी गोड आवाजाची मुलगी फोन करते. काम वेळेत झालं का? दहा. धुणं कसं होतं? दहा. तुमची तक्रार पूर्ण दूर झाली का? मागं खडखड चालू असते, तिला ती ऐकू जाऊ नये म्हणून काच वर करावी आणि म्हणावं, दहा. काही सूचना? 'पोरगं चांगलं आहे.' एवढंच सांगावं. त्या 'दहापैकी दहा'चं मोठं पोस्टर पुढच्या वेळी कॉफी मशीनच्या वर लागलेलं दिसेल.

असे तीन-चार दहा दिले की गाडी विकायची वेळ येते. तेव्हा जाहिरातीत बेधडक लिहावं: 'सिंगल हँड, सगळी सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, रेकॉर्ड उपलब्ध.' यातला एक शब्द खोटा नाही. घेणारा चौकस असेल तर म्हणेल, आमच्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवून घेतो. खुशाल दाखवू द्यावी. सोलापूर केवढं ते. ओळखी फिरून फिरून तिथंच येतात. तुमचाच वस्ताद गाडीखाली शिरेल, बॅटरी मारून सगळीकडं बघेल, दोनदा 'च्च' करेल आणि बाहेर येऊन, हात पुसत, त्या माणसाला विचारेल, 'आधीचे मालक कुठं दाखवत होते ओ गाडी? लई वाट लावलीय कुणीतरी.'