मान नेमकी किती हलवावी?

शब्द नसलेलं हिप-हॉप आता टाळू म्हटलं तरी टळत नाही. कुणाकडे जेवायला गेलेलं असताना यजमानांचा मुलगा ब्लूटूथ स्पीकर पुढे सरकवतो. जुन्या रेकॉर्डची करकर सुरू होते, तिच्यावर अडखळत चालणारा ड्रम, एका बाईच्या गाण्यातलं अर्धंच अक्षर सात-आठ वेळा, खालून दातांत जाणवणारा बेस, आणि दीड मिनिटात सगळं तोडल्यासारखं बंद. मग तो विचारतो, "काका, कसं वाटलं?" या क्षणाची तयारी घरून करून जायची असते. संगीत कळलं नाही तरी निभावतं, पण मतच नसेल तर मठ्ठा येईपर्यंत करणार काय?

सुरुवात मानेपासून. सवाईच्या मांडवात आपण मान डावी-उजवी हलवतो आणि समेवर 'वाह' सोडतो. इथे ते चालत नाही. एक तर सम कुठे आहे हे कुणी सांगत नाही, आणि सापडलीच तर पुढच्या खेपेला ती किंचित सरकलेली असते. या संगीतात मान उभी हलते, हनुवटी थोडी पुढे, भुवया आक्रसलेल्या, आणि चेहरा फ्रिजमध्ये राहून गेलेल्या आमटीचं झाकण उघडल्यासारखा. थट्टा नाही, घाण वास आल्याचा चेहरा ही इथली सर्वांत मोठी दाद आहे. त्यामुळे ज्यांना हे मुळीच आवडत नाही, ते आपोआपच जाणकार दिसतात. हा फायदा हातचा घालवू नका.

मान बसली की पक्ष निवडा. मधे उभं राहायची सोय नाही.

भक्त व्हायचं असेल तर दैवत ठरलेलं आहे: डेट्रॉइटचा जेम्स यान्सी, म्हणजेच जे डिला. ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, 'डोनट्स' हा अल्बम बाजारात आला आणि तीन दिवसांनी तो गेला. ३१ तुकडे, सगळे मिळून ४३ मिनिटं. पहिल्या तुकड्याच्या नावात 'आउट्रो', शेवटच्याच्या नावात 'इंट्रो', आणि शेवट पुन्हा सुरुवातीला जाऊन चिकटतो. ही माहिती आवाज उतरवून द्यायची आणि नंतर थोडा वेळ खिडकीबाहेर बघायचं. 'त्याने हे सगळं हॉस्पिटलच्या खाटेवर बनवलं' हे वाक्य मात्र जपून वापरा. ते फार वर्षं फिरलं, फार डोळे त्याने पाणावले, आणि मग अभ्यासकांनी दाखवून दिलं की बरंचसं काम आधी घरीच झालं होतं. म्हणून नवख्यांच्या बैठकीत खाट मांडावी आणि मुरलेल्यांच्या बैठकीत तीच खाट खोडून काढावी. एकाच खाटेवर दोनदा भाव खाता येतो.

पुढचं हत्यार म्हणजे क्वांटाइझ. अकाईच्या एमपीसी नावाच्या मशीनवर रबरी चौकोन असतात. बोटाने दाबलं की आवाज येतो, आणि तुमचं बोट जरा पुढे-मागे पडलं तर मशीन तो ठोका उचलून जवळच्या नेमक्या जागी नेऊन बसवतं. डिलाची ख्याती अशी की ही सोय तो बंदच ठेवायचा. त्यामुळे स्नेअर, म्हणजे ड्रममधला कडक ठोका, केसभर आधी, किक, म्हणजे जाड ठोका, केसभर उशिरा, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ड्रमर जिना उतरताना पायरी चुकला. "त्याने क्वांटाइझ बंद केलं," एवढं म्हणून थांबा. बैठकीत कुणी जास्त वाचलेला असेल तर तो म्हणेल, "बंद केलं असं नाही, त्याने ठोके मोजूनमापून सरकवले, मशीनमध्येच तशी सोय होती." ही भांडणं तासभर सहज चालतात आणि दोन्ही बाजूंना विद्वान वाटतं. धोका एकच. खोलीत एखादा तबला शिकलेला असतो आणि तो भाबडेपणाने विचारतो, "म्हणजे हातानं वाजवलं, एवढंच ना?" अशा माणसाला ताबडतोब चहा द्यावा.

तरीही कुणी शंका काढलीच तर सांगा की डिलाचं एमपीसी ३००० वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये, आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. संग्रहालयात गेलेल्या वस्तूशी वाद घालायला लोक कचरतात.

'डोनट्स'मध्येच 'डोन्ट क्राय' नावाचा दोन मिनिटांचा तुकडा आहे. एका जुन्या सोल गटाचं विनवणीचं गाणं तो आधी जवळपास जसंच्या तसं वाजू देतो. कान स्थिरावले, गाणं ओळखीचं झालं, की त्याच गाण्याचे बारीक काप करतो आणि वेगळ्याच क्रमाने लावतो, आणि गायकाचा तोच सूर आता हुंदक्यासारखा तुटत येतो. मूळ गाण्यात जे सांगितलं होतं ते आता नुसतं घडतं. हे मात्र ऐकू नका. ऐकलंत तर दोन मिनिटं गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसलेल्याच्या वाटचं मत तोवर शेजारचा देऊन टाकतो.

भक्ती जमत नसेल तर निषेध आहेच, आणि मराठी माणसाच्या अंगाला तो जास्त चांगला बसतो. 'हे संगीतच नव्हे' या वाक्याची गंमत अशी की ते उभ्या-उभ्या म्हणता येतं. पण आता लोक कारण विचारतात. 'नुसती बटणं दाबतो' हे कारण जुनं झालंय. लॉस एंजेलिसचा डेडेलस नावाचा कलाकार मोनोम ही बटणांची पेटी वाजवताना ती लोकांकडे कलती धरतो, कोणतं बटण कधी दाबलं ते समोरच्याला दिसावं म्हणून. अशा वेळी डोळे मिटून घ्यावेत.

चोरीचा मुद्दा जास्त टिकाऊ आहे. डीजे शॅडो या अमेरिकन कलाकाराने १९९६ साली जो पहिला अल्बम काढला तो जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधल्या तुकड्यांवर उभा आहे, आणि सगळा अल्बम अशा उचललेल्या तुकड्यांचाच, म्हणजे सॅम्पलचाच, म्हणून गिनीजच्या पुस्तकातही गेला. सॅक्रामेंटोमधल्या एका दुकानाच्या तळघरात, कुणाला नको असलेल्या तबकड्यांच्या ढिगात बसून तो माल शोधायचा. भक्त याला संशोधन म्हणतात, तुम्ही रद्दीवाला म्हणा. वर लताबाईंचं नाव काढा. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या गाण्यात 'थोडा रेशम लगता है' हे १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातलं लताबाईंचं गाणं न विचारता वापरलं होतं, आणि पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्या अल्बमची विक्री रोखली. आता ते शब्दांसकट गाणं होतं, आपल्या विषयात ते बसत नाही. पण लताबाई आल्या की कुठलीही गोष्ट कुठल्याही विषयात बसते. त्या आदेशात श्रेय मागितलं होतं ते संगीतकार बप्पी लाहिरींसाठी, हे सांगत बसायची गरज नाही. आणि आपल्या चित्रपटसंगीताने, खुद्द बप्पीदांनी धरून, परदेशी चाली किती मोकळ्या हाताने आणल्या, हा विषय निघायच्या आत पंखा वाढवायला उठा.

ग्रेगरी कोलमनचं नाव मात्र कुठल्याही पक्षात असलात तरी काढू नका. द विन्स्टन्स या गटाचा हा ड्रमर. १९६९ च्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याने जेमतेम सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवले. तेच सेकंद पुढे हजारो हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डांत शिरले. ड्रम अँड बेस नावाचा अख्खा प्रकार त्यांच्यावर पोसला. त्याला त्यातून रॉयल्टी मिळाली नाही. तो अटलांटात बेघर अवस्थेत गेला, तोही २००६ मध्येच. त्या वर्षाच्या आठवणींत हे नाव येत नाही. भक्तांना त्याने अपराधी वाटतं, आणि निषेधवाल्यांना मान्य करावं लागतं की 'संगीत नसलेल्या' गोष्टीत एका वादकाचा हात होता. दोन्हीकडची जेवणं बेचव होतील, म्हणून नकोच.

त्यापेक्षा 'हे आमच्याकडे आधीपासून होतं' या पक्षात या. इथे गर्दी आहे, पण जागा होते. फ्लाइंग लोटस, म्हणजे लॉस एंजेलिसचा स्टीव्हन एलिसन, याची आजी आणि जॅझ वादक ॲलिस कोल्ट्रेन या सख्ख्या बहिणी. ॲलिसबाई पुढे तुरीयसंगीतानंद झाल्या, कॅलिफोर्नियात आश्रम काढला, तिथे ऑर्गनवर भजनं म्हटली. त्यांच्या मुलाचं नाव रवी, रविशंकरांवरून ठेवलेलं. हा रवी फ्लाइंग लोटसच्या २०१० च्या 'कॉस्मोग्रामा' अल्बमात सॅक्सोफोन वाजवतो. अल्बमचं नावसुद्धा आजीच्या बहिणीच्या प्रवचनातून आलंय. त्या 'कॉस्मिक ड्रामा' म्हणत होत्या, नातवाने भलतंच ऐकलं. म्हणजे आश्रम आपला, भजन आपलं, आणि नीट न ऐकता पुढे सांगायची पद्धत तर खासच आपली. या अल्बमात हार्प आहे, रेडिओहेड या रॉक गटाच्या थॉम यॉर्कचा आवाज आहे, थंडरकॅटचा पळणारा बेस आहे, व्हिडिओ गेमसारखी टिवटिव आहे. त्याबद्दल विचारलं तर "त्याचं मूळ आपल्याकडे" एवढंच म्हणायचं.

मॅडलिब या अमेरिकन बीट-कलाकाराने २००७ मध्ये हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डचे काप करून भारतावरचा एक अख्खा बीट-अल्बम काढला, तोही खिशात असू द्या. आणि शेवटचा एक्का चरणजित सिंग. मुंबईतला स्टुडिओत वाजवणारा वादक, १९८२ मध्ये रोलंड कंपनीची इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवतो आणि रेकॉर्ड पडते. २०१० मध्ये परदेशात ती पुन्हा निघते आणि लोक म्हणतात, अरे, हे तर शिकागोच्या ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीतासारखं आहे, तेही पाच वर्षं आधी! तेव्हापासून आपला अभिमान जागा आहे. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं तो कुठे होता, असं विचारणाऱ्याला देशप्रेम नसतं.

राहता राहिले लो-फाय, म्हणजे मुद्दाम खरखरीत ठेवलेले मंद बीट्स, ऐकणारे. त्यांना वाटतं आपण कुठल्याच पक्षात नाही. पडद्यावर खिडकीशी बसून अभ्यास करणारी ती कार्टून मुलगी, मागे न संपणारे मंद बीट्स, आणि पुण्यातली निम्मी स्पर्धा परीक्षा त्याच्या तालावर. 'अभ्यासाला बरं पडतं' हे त्यांचं मत. या संगीताला दिलेली इतकी सभ्य शिवी दुसरी नाही, आणि ती प्रेमाने दिलेली असते. अशांना सांगा की त्यांच्या संगीताचा आद्यपुरुष मानला जाणारा जपानी नुजाबेस आणि जे डिला दोघांचाही जन्म ७ फेब्रुवारी १९७४ चा. ते "हो का?" म्हणतील आणि पुन्हा प्रश्नपत्रिकेत तोंड घालतील. करकरीबद्दलही सांगून बघा. १९८७ मधल्या ई-म्यू एसपी-१२०० या मशीनमध्ये एकूण दहाच सेकंद आवाज मावायचा, म्हणून लोक ३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर फिरवून आवाज भरायचे आणि मशीनमध्ये तो परत मंद करायचे. त्यात तो खरखरीत व्हायचा. जागा नव्हती म्हणून आलेली ती खरखर आज सॉफ्टवेअरमध्ये वेगळे पैसे मोजून मिळते. सगळं सांगून झालं की ते विचारतील, "जरा आवाज कमी कराल का?"

कुठल्याही पक्षात चालणारं एक वाक्य पाठ असू द्या: "पहिलंच बरं होतं." फ्लाइंग लोटसचा २००८ चा 'लॉस एंजेलिस' बरा होता, मग जॅझ घुसलं. लॉस एंजेलिसमधल्या लिंकन हाइट्सच्या 'द एअरलाइनर' या क्लबात दर बुधवारी रात्री भरणारी 'लो एंड थिअरी' ही बीटची मैफल बरी होती, मग २०१८ मध्ये बंद पडली. कॅलिफोर्नियात तुमचा मावसभाऊ असेल तर तो तिथे जायचा असं ठोकून द्या. तो बुधवारी रात्री भांडी लावत असेल, पण त्याला कोण विचारायला जातंय?

एका प्रकारच्या माणसापासून मात्र सांभाळा, आणि तो प्रत्येक जेवणात एखादा असतोच. त्याला पक्ष नसतो. तो कोपऱ्यात ताट घेऊन बसतो आणि मधेच म्हणतो, "मला 'कॉस्मोग्रामा'तलं ते 'टेबल टेनिस' आवडतं. त्यात खरंच पिंगपाँगच्या चेंडूचा आवाज आहे, आणि वरून बाई इतकं हळू गाते की चेंडू कधी ठेका झाला कळतच नाही." याच्याशी वाद घालता येत नाही, कारण त्याने मत मांडलेलंच नसतं. त्याला क्वांटाइझ विचारा, तो म्हणेल माहीत नाही. रविशंकर सांगा, तो म्हणेल अरे वा. आणि मग तो खिशातून हेडफोन काढून तुमच्यापुढे धरेल. घेऊ नका. कान दुखतोय म्हणा. दोन्ही दुखतायत म्हणा.