प्रत्येक चूक तत्क्षणी सुधारू नये

वर्गात वाचनाला मदत करणाऱ्या पालकांनी मुलाची प्रत्येक चूक तत्क्षणी सुधारावी, हे एका लेखात वाचलेले मत मला पटले नाही. गोव्यातील डिचोली तालुक्याच्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी दोन वर्षे, आठवड्यातून एकदा, दुसरीच्या मुलांजवळ वाचनाला बसत असे. घरी कोंकणी बोलणारे मूल ‘मांजर घरात आहे’ या वाक्यातील ‘आहे’च्या जागी ‘आसा’ वाचते, तेव्हा त्याला अर्थ नेमका कळलेला असतो. तिथे दोन्ही भाषा देवनागरीतच शिकवल्या जात असल्याने ही सरमिसळ साहजिक आहे. अशा वेळी वाक्य पूर्ण होऊ द्यावे आणि मग त्या शब्दावर बोट ठेवून पुन्हा वाचायला सांगावे, म्हणजे बहुतेक मुले आपणहून सुधारतात. (एवढा धीर धरायला मलाच पहिले सहा महिने लागले.) ‘घर’चे ‘घार’ झाले, तर मात्र थांबवून अर्थ विचारावा.